ओपन स्पेस

लेआउटच्या नकाशात तेवढंच लिहिलं होतं : ओपन स्पेस.
तेच नाव पडलं.
पुढे कुणी फाटकावर आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावली,
दोन उन्हाळ्यांत पत्रा सोलला, वडील गेले,
आणि देवपूरच्या आमच्या कॉलनीत
शाळेची पायरी न चढलेल्या बायाही अजून म्हणतात,
"चाल व माय, ओपनपेसवर बठूत."

डॉक्टरांनी गुडघ्यासाठी अकरा फेऱ्या सांगितल्यात.
मी उजव्या मुठीत अकरा चिंचोके घेऊन निघते,
फेरी झाली की एक डाव्या मुठीत.
मोबाइल मोजतो म्हणे, सुनेने दाखवलंही.
पण चिंचोका कसा हाताला लागतो.

मे महिना. सहा वाजले तरी लोखंडी बाक तापलेला.
सोजाबाई गोणपाट दुमडून आधी ते टेकवते,
मग स्वतःला, हळूहळू,
मग मांडीवर सूप, सुपात दादर,
आणि खडे वेचता वेचता
सगळी कॉलनी निवडून काढते.

रोहिणी पावरा अनवाणी पळते.
शिरपूरच्या वरच्या पाड्यावरून आलीय, पोलीस भरतीसाठी,
एका खोलीत चौघी राहतात.
माझी एक फेरी होते तोवर तिच्या चार.
दर वेळी मागून, "काकू, साइड."

पोरांचं क्रिकेट. ऑइलपेंटचा डबा म्हणजे स्टंप.
बागुलांच्या भिंतीपलीकडे गेला तर आऊट,
आणि आणायचा ज्याने मारला त्यानेच.
झुलाल आप्पांचा बाक नेमका मिडविकेटला.
आप्पा एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं,
कान तिथेच ठेवून आले.
"ए पोरेस्वन, आठे नका खेया रे!"
पोरं थांबतात. एक ओव्हर.

सहा चाळीसला गच्चीवरून कुणीतरी ओरडलं :
"नय उनात व!"

आठव्या दिवसाचं पाणी. पाऊण तास, कधी तेवढंही नाही.
बॅट होती तिथे पडली.
दादर निम्मी निवडलेली, निम्मी तशीच.
कुणाची एक चप्पल पायात, एक घसरगुंडीखाली.
रोहिणी फाटकातून सरळ, शंभर मीटरच्या वेळेत,
घरमालकिणीचे हंडे तीच चढवते दुसऱ्या मजल्यावर.
हर्षदा कडेवरचं पोर घेऊन गर्रकन वळली,
"याले जरा धरा आप्पा, मी उनूच,"
आणि आप्पांनी हो-नाही म्हणायच्या आत
पोर त्यांच्या धोतरावर.

आमच्याकडे मोटर सून लावते. म्हणून मी राहिले.
शिवाय गुडघा.

पोर रडायला लागलं.
आप्पांना रडणं ऐकू येत नाही,
मांडीवर हलतं तेवढंच कळतं.
त्यांनी त्याला उभं धरून पाहिलं, पालथं घालून पाहिलं,
डोक्यावरची टोपी दिली.
मग उठले, झोक्यात बसवलं.
एका बाजूला साखळी, एका बाजूला नायलॉनची दोरी,
झोका तिरकाच जातो.
एक हात त्याच्या पाठीशी, दुसऱ्याने धक्का,
आणि भरल्या गाडीत म्हणावं तसं मोठ्याने :
"मोराणे!"
झोका गेला, आला.
"कुसुंबा! कुसुंबावाले पुढे या."
"नेर!"

नेरला रडं थांबलं.

मी फेरी अर्ध्यावर सोडून उभी.
घराघरांतून पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज,
आणि इथे सगळं मैदान रिकामं असताना
एक गाडी साक्रीकडे निघालेली, वेळेवर.

बाया परतल्या त्या कोपरापर्यंत ओल्या.
हर्षदाने पोर उचललं, तोंडावरून गार हात फिरवला,
ते दचकून हसलं.
"पिंपळनेरचं तिकीट व्हतं त्यानं," आप्पा म्हणाले.
तिच्या नळाला अजून धार होती, ती थांबली नाही.
आप्पांनी रिकामा झोका हाताने धरून उभा केला.
मग बॉल आला, आणि ते पोरांवर ओरडायला बसले.

मी मुठी उघडून पाहिल्या तर
सगळे चिंचोके एकाच हातात.
कधी गेले, कसे गेले, कोण जाणे.
पुन्हा एकपासून.

"काकू, साइड."
रोहिणीचे ओले पाय माझ्यापुढे ठसे टाकत गेले,
मी पोचेपर्यंत एकेक वाळत.